आधी काय करायचं? प्रथमोपचारावर वाचकांचे प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात आपण प्रथमोपचारावर प्रश्न पाठवा म्हणून सांगितलं होतं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळीकडून भरपूर आलेत. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टी बघते, त्यामुळे यातले बरेचसे प्रसंग रोज डोळ्यासमोर असतात. एक गोष्ट वाचताना सारखी जाणवली, जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय की "काय लावू?" आणि माझं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आहे, काही लावू नका. पाणी, हाताचा दाब आणि फोन एवढ्यावर पहिली दहा मिनिटं निघतात. पण नुसतं असं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून कारणासकट लिहितेय.

प्रश्न : मॅडम, आमचं गाव डोंगरात आहे, दवाखाना तासाभरावर. मागच्या श्रावणात शेजारच्या काकांना साप चावला. लोकांनी मांडीला दोरी करकचून आवळली, ब्लेडने चीर दिली आणि देवळात नेलं. काका वाचले. आता सगळं गाव म्हणतं हेच बरोबर. मी शाळेत शिकवतो, पोरांना काय सांगू? – एक शिक्षक, अकोले तालुका

सर, पोरांना पहिलं हे सांगा की आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप सुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे देवळात नेलेल्यांपैकी बरेच जण घरी नुसते बसून राहिले असते तरी वाचले असते, श्रेय मात्र देवळाला जातं. ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय तो देवळातून आमच्याकडे येईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्याची गोष्ट गावात कुणी सांगत नाही.

आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यारचं विष नसांवर जातं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं, रक्त गोठायचं बंद होतं, हिरड्यांतून लघवीतून रक्त येतं, आणि घोणस असेल तर किडन्या सुद्धा बसतात. आता ब्लेडची चीर बघा. घोणस चावलेल्या माणसाला चीर दिली तर ते रक्त थांबायचं नावच घेत नाही. आणि आवळलेल्या दोरीने विष थांबत नाही, पाय मात्र रक्ताविना काळानिळा पडतो, काहींचा पाय विषाने नाही तर दोरीने गेलाय. तोंडाने चोखणं, बर्फ, मिरची खायला देणं, कोंबडीचं गुद लावणं यातलं काहीच उपयोगाचं नाही.

मग करायचं काय? माणसाला धीर द्या, कारण घाबरून तो पळाला, धडपडला की विष लवकर पसरतं. त्याला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी, छत्री, जाड पुठ्ठा काहीतरी बाजूला ठेवून ओढणीने सैलसर बांधा, मोडलेलं हाड जसं बांधतो तसं, हलू नये इतपतच. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. १०८ ला फोन करा, पण गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणा, मागच्याने घट्ट धरायचं. कुठल्या वेळी चावलं ते लक्षात ठेवा आणि वाटेत काय काय बदललं ते बघत रहा, पापण्या कधी जड झाल्या, उलटी कधी झाली, हे आम्हाला फार कामाचं असतं.

साप मारून पिशवीत घालून आणू नका हो. लोक आणतात. मेलेला वाटलेला साप परत चावलेला आहे. आपल्याकडचं विषावरचं औषध चारही सापांवर एकच असतं, घोड्यांच्या रक्तापासून बनवतात, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ते सुरू करायचं की नाही हे आम्ही सापावर नाही, पेशंटच्या लक्षणांवर ठरवतो. काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही तर विष रक्तावर गेलंय हे कळतं. किती साधी टेस्ट आहे बघा, पण ती देवळात होत नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी चालतं.

आणि मण्यारबद्दल खास सांगते कारण ती फसवते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दुखत जवळपास नाही, दाताची खूण पण धड दिसत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखतंय, घसा धरलाय, डोळे उघडत नाहीत म्हणत. घरच्यांना वाटतं अॅसिडिटी झाली. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी असं झालं तर साप चावलाय असंच समजा आणि थेट दवाखाना गाठा. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने या सापापासून बराच बचाव होतो. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली आणि त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतातली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे असं केंद्र सरकारने २०२४ च्या आराखड्यात ठरवलंय, पण औषध दवाखान्यात आणि माणूस देवळात असं असेल तर ते कसं होणार.

प्रश्न : आणि विंचू चावला तर? आमच्याकडे बिब्बा लावतात. – एक वाचक, पोलादपूर

बिब्ब्याने कातडी भाजते, लावू नका. मोठा काळा विंचू चावला की माणूस बोंबलतो पण सहसा जीवावर बेतत नाही. धोका लाल विंचवाचा, विशेषतः लहान मुलांना. वेदना थोडी असेल आणि पोराला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले तर विष हृदयावर चाललंय असं समजा आणि एक मिनिट दवडू नका. तुमच्या शेजारच्या महाडलाच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर आयुष्य घातलं. प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी लाल विंचवाच्या दंशात जीव वाचवते हे त्यांनी दाखवून दिलं, जगभरातल्या डॉक्टरांनी ते मानलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची, घरी आणून ठेवून नाही, ती घेतल्यावर प्रेशर एकदम उतरू शकतं.

प्रश्न : बाळा, माझं वय ७४. आमच्या घरी भाजलं की आम्ही कच्च्या बटाट्याचा कीस लावायचो, कधी शाई, आता सून टूथपेस्ट लावते. नातवाच्या हातावर चहा सांडला तेव्हा आमच्या दोघींचं त्यावरनं वाजलं. कोण बरोबर? – एक आजी, बार्शी

आजी, नमस्कार करते. रागावू नका, पण दोघींचंही चुकलंय, आणि बरोबर उत्तर तुमच्या मोरीतल्या नळाला आहे.

भाजलं की लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरायचा आणि घड्याळ लावून २० मिनिटं धरायचा. दोन मिनिटं नाही, वीस. चटका बसून गेला तरी कातडीच्या आत उष्णता साठलेली असते आणि ती खालचे थर शिजवत राहते, पाणी ती ओढून घेतं. वेदना कमी होते, जखम खोल जायची थांबते, डाग सुद्धा कमी राहतो. आणि समजा लगेच नाही जमलं, घाबरून धावपळीत अर्धा तास गेला, तरी पाणी घालाच, तीन तासांपर्यंत त्याचा फायदा होतो. फ्रीजचं पाणी नको, बर्फ तर नकोच, बर्फाने भाजलेली कातडी आणखी मरते. लहान बाळ असेल तर फक्त भाजलेल्या भागावर पाणी, बाकी अंग टॉवेलमध्ये गुंडाळून उबेत, नाहीतर ते गारठतं.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कीस यांनी काय होतं सांगू का? आत उष्णता कोंडते, जंतू शिरतात, आणि आमच्यापुढे पोर आलं की जखम किती खोल आहे ते बघायला आम्हाला तो सगळा लेप घासून काढावा लागतो. त्या वेळचं पोराचं रडणं तुम्हाला बघवणार नाही आजी.

चहा कपड्यावर सांडला असेल तर कपडा लगेच काढा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. मनगटातलं कडं, काळा दोरा काढून टाका. फोड फोडू नका. मग धुतलेला सुती कपडा किंवा स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायचं ते पारदर्शक प्लास्टिक कोरं असेल ते, वरून सैल झाका आणि दवाखान्यात न्या. पेशंटच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, लघवीची जागा असेल, किंवा विजेने अॅसिडने भाजलं असेल तर घरी बघत बसू नका. पाच वर्षांखालचं पोर असेल तर जखम छोटी असली तरी दाखवा.

अंगावरच्या साडीने पेट घेतला तर पळायचं नाही, पळालं की वारा लागून भडकते. खाली झोपून लोळायचं, बाकीच्यांनी जाड गोधडी टाकायची, आणि आग विझली की गोधडी लगेच काढून पाणी ओतायचं.

प्रश्न : माझ्या भावाच्या मुलाने आजोबांच्या चुन्याची ट्यूब दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. दवाखाना २० किमी. लगेच निघालो. अजून त्याला नीट दिसत नाही. आमचं काही राहिलं का? – एक काका, हिंगोली

तुम्ही पोराला घेऊन धावलात, यात तुमची चूक मी मानत नाही, हे आपल्याकडे कुणी शिकवतच नाही. पण बाकीच्यांनी हे पाठ करून ठेवा. चुना डोळ्यात गेला की दवाखान्याच्या आधी पाणी. चुना हा अल्कली, म्हणजे अॅसिडच्या उलट गुणाचा दाहक पदार्थ आहे, तो अॅसिडपेक्षा वाईट, डोळ्याच्या आत आत शिरत जातो आणि बुबुळाचा पडदा पांढरा करतो. तिथल्या तिथे, जे स्वच्छ पाणी असेल त्याने, तांब्यातून बारीक धार धरून अर्धा तास डोळा धुवायचा, पोर कितीही ओरडलं तरी दोघांनी धरून पापण्या उघडून. पापणीच्या आत चुन्याचे कण अडकतात, ते ओल्या स्वच्छ कपड्याच्या टोकाने अलगद काढायचे. मग निघायचं, आणि वाटेतही बाटलीने पाणी चालू ठेवायचं. पुतण्याला मोठ्या नेत्ररुग्णालयात, कॉर्नियाचे (बुबुळावरच्या पडद्याचे) डॉक्टर असतील तिथे नक्की दाखवा, पुढचे उपचार असतात, आशा सोडू नका. आणि आजोबांना हात जोडून विनंती, ती ट्यूब पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

प्रश्न : मला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकायचं, आणि अर्धांगवायूचा झटका आला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढायचं. खरं आहे का? वडिलांना दोन्हीची भीती आहे म्हणून विचारते. – एक मुलगी, पिंपरी

दोन्ही खोटं, आणि दोन्ही मेसेज वर्षानुवर्ष फिरतायत. सुया टोचत बसण्यात जो अर्धा तास जातो तोच मेंदूचा असतो. तोंड एका बाजूला गेलं, एक हात वर राहत नाही, बोलणं लडबडतंय, यातलं एक जरी दिसलं तरी वेळ बघा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्या, वाटेत लहान दवाखान्यात थांबू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं. तोंडात पाणी गोळी काही घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

छातीचं म्हणाल तर आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ "गॅस झालाय" यात जातो. सोडा पितात, ओवा खातात, पाठ चोळून घेतात, सकाळपर्यंत बघू म्हणतात. छातीवर दडपण, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय, घाम फुटलाय, तर ते गॅस नाही असं धरून चाला. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये छाती न दुखता नुसता दम, मळमळ, भयंकर थकवा असंही होतं. वडिलांना जिथे आहेत तिथे टेकून बसवा, जिना उतरवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका, १०८ लावा. फोनवर डॉक्टरांना विचारून अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, अॅलर्जी किंवा पोटात रक्तस्त्राव झालेला असेल तर नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी मात्र दुसऱ्या कुणाची उचलून देऊ नका, प्रेशर आधीच कमी असेल तर माणूस जागेवर कोसळतो.

आणि आता जे मला सगळ्यांना मनापासून सांगायचंय ते. माणूस कोसळला, हाक मारून खांदा हलवून हलत नाही, आणि श्वास नाही किंवा माशासारखा अधूनमधून आ वासतोय (तो श्वास नव्हे, फसू नका), तर हृदय थांबलंय. एकाने फोन स्पीकरवर ठेवून १०८ लावायचा, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची. कडक जमिनीवर उताणं, पलंगावर नाही. छातीच्या मधोमध हाडावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि खांद्याचा जोर लावून ५ ते ६ सेंटीमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत नसेल तर देऊ नका, नुसतं दाबा. दोन मिनिटांत माणूस दमतो, मग दुसऱ्याने घ्यायचं, मधे खंड पडू न देता. बरगडी मोडेल का? मोडू शकते, मोडलेली बरगडी आम्ही जोडतो. मदत येईपर्यंत किंवा तो हलेपर्यंत थांबायचं नाही. पाण्यात बुडालेल्याला मात्र आधी तोंडाने पाच श्वास द्या मग दाबायला घ्या, आणि पोटातलं पाणी काढायला त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका.

प्रश्न : आमच्या वर्गातल्या एका मुलीला फिट येते. सर चप्पल हुंगवतात, मॅडम तोंडात चमचा घालतात. ती नंतर खूप रडते. आम्ही मैत्रिणींनी काय करावं? – नववीतल्या मुली, कणकवली

मुलींनो, तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. चप्पल, कांदा, किल्ल्या यातल्या कशानेच फिट थांबत नाही, ती आपली आपण दोन तीन मिनिटांत थांबते. चमच्याने तिचे दात मोडतील, आणि जीभ गिळली जाते हे खरं नाही. तुम्ही फक्त बाक, दप्तरं बाजूला सारा, डोक्याखाली ओढणी घडी करून ठेवा, चष्मा काढा, गळ्यापाशी बटण सैल करा, हातपाय दाबून धरू नका. आणि एकीने घड्याळ बघायचं. झटके थांबले की तिला कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. बाकी मुलांना खोलीबाहेर काढा, कपडे ओले झाले असतील तर वर काहीतरी पांघरा, आणि ती उठली की नेहमीसारखं बोला. हे पान सरांना आणि मॅडमना पण दाखवा, माझं नाव सांगून.

प्रश्न : कुत्रं चावलं, नुसतं खरचटलंय, पाळीव आहे. १४ इंजेक्शनं पोटात घ्यायला भीती वाटते. मिरचीपूड लावलीय. – एक वाचक, निपाणी

मिरचीपूड आत्ताच्या आत्ता धुवा. रेबीज झाला की त्यावर औषध नाही, माणूस जातोच, पण झाला नाही तोवर तो जवळपास शंभर टक्के टाळता येतो, इतका सरळ हिशोब दुसऱ्या कुठल्याच आजारात नाही. नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, साबणाने तो विषाणू मरतो, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. टाके घालू नका, पट्टी आवळू नका.

पोटातली ती इंजेक्शनं केव्हाच बंद झालीत. आता दंडात देतात, बहुतेक सरकारी दवाखान्यांत कातडीत, पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चामडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचावं लागतं, इम्युनोग्लोब्युलिन, ते पहिल्याच दिवशी मागून घ्या, कारण लसीची ताकद अंगात तयार व्हायला आठवडाभर तरी जातो आणि त्या काळात हेच राखण करतं. पाळीव आहे, पिल्लू आहे, नुसतं खरचटलं, यापैकी कशावरही लस टाळू नका. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा, पण लस त्याची वाट न बघता सुरू करायची. मांजर, माकड, मुंगूस चावलं तरी धुणं आणि लस हेच.

प्रश्न : दीड वर्षाच्या बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला तर बोट घालून काढू का? – एक आई, नाशिक

दिसत नसताना बोट घालू नका, तो आणखी खाली जातो. बाळ खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या, जवळ घेऊन बसा, त्याचा खोकलाच सगळ्यात भारी. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर मांडीवर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने ५ जोरदार थापा. नाही निघाला तर वर्षाच्या पुढच्या बाळाला मागून धरून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर ५ झटके. वर्षाच्या आतल्याला पोटावर नाही, छातीच्या मधे दोन बोटांनी ५ वेळा दाबायचं. आळीपाळीने करत रहा. बेशुद्ध झालं तर वर सांगितलेल्या वेगानेच छाती दाबायला सुरू करा, पण मोठ्या माणसाइतका जोर लावून नाही, एका हाताने, वर्षाच्या आतल्याला दोन बोटांनी, छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खाली, आणि १०८.

एक कुणी सांगत नाही ते. ठसका लागून शांत झालं, पण मग आठवडाभर खोकला जाईना, एका बाजूला शीळ वाजते, तर दाणा फुप्फुसाच्या नळीत बसलेला असू शकतो. खोकल्याची औषधं बदलत बसू नका, डॉक्टरांना "शेंगदाण्याचा ठसका लागला होता" हे आठवणीने सांगा. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे देऊच नका, कूट करून द्या.

प्रश्न : फवारणी करून आल्यावर नवऱ्याला चक्कर, उलटी, डोळ्यापुढे अंधारी. दूध पाजलं तर चालतं का? – एक शेतकरी बहीण, आर्णी

ताई, दूध नको, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं तर अजिबात नको. फवारणीचं विष कातडीतून आणि श्वासातून गेलेलं असतं, पोट धुऊन ते निघत नाही. आधी शेतातून मोकळ्या हवेत, मग अंगातले सगळे कपडे काढून साबणाने डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ घाला, तुम्ही स्वतः प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधून. भिजलेला शर्ट अंगावर तसाच ठेवून दवाखान्यात आणतात, तेव्हा विष सगळी वाट अंगात जात असतं. औषधाची बाटली, निदान लेबल, सोबत आणा. त्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाळ गळतेय, घाम, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झालीय तर ते कुठल्या गटातलं विष हे आम्हाला कळतं आणि त्यावर अॅट्रोपिन नावाचं औषध असतं. २०१७ ला तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना किती माणसं गेली ते तुम्ही जवळून बघितलंय. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचं नाही, उपाशीपोटी नाही, आणि मालक म्हणाला तरी हातमोजे मास्क नसेल तर नाही. दुसऱ्यांदा चक्कर यायची वाट न बघता न्या.

प्रश्न : हायवेवर अपघात दिसला तर थांबावंसं वाटतं पण पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून घरचे अडवतात. – एक ड्रायव्हर, चिपळूण

दादा, थांबा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये नियमांवर शिक्कामोर्तब केलंय आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय. जखमीला पोचवलं की तुम्ही निघू शकता. नाव पत्ता द्यायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुमच्याकडून पैसे मागू शकत नाही, तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. साक्ष द्यायची की नाही हे तुमच्या मर्जीवर.

थांबलात की आधी स्वतःची गाडी कडेला, हॅझर्ड लाईट लावून, दुसरी गाडी येऊन धडकणार नाही अशी. मग १०८ किंवा ११२. रक्त वाहत असेल तर रुमाल, गमछा, शर्ट जे स्वच्छ मिळेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. काच, सळई घुसली असेल तर उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. शुद्धीत असला तरी पाणी पाजू नका, त्याला ऑपरेशनला न्यावं लागू शकतं आणि ठसकाही लागतो. हेल्मेट ओढून काढायचं नाही, श्वासच अडला असेल तर दोघांनी, एकाने मान धरून. गाडी पेटण्याची भीती नसेल तर रिक्षात दुमडून कोंबू नका, मणका मोडलेला असेल तर त्याच वेळी कायमचा लुळा होतो, सपाट फळीवर डोकं मान पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी उचला. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे तर मान न वळवता अख्खं अंग एकदम कुशीवर करा, नाहीतर रक्त आणि उलटी श्वासात जाते. हॉस्पिटलात आल्यावर नर्सला एवढंच सांगा, किती वाजता सापडला, तेव्हा बोलत होता का, आणि तुम्ही काय काय केलंत.